कुजणारी पिशवी आणि सादळणारा चिवडा

औषधांच्या दुकानात, कपड्यांच्या शोरूममध्ये, कधी भाजीवाल्याकडेही हल्ली एक वेगळी पिशवी हातात पडते. दुधी किंवा फिकट हिरव्या रंगाची, हाताला रेशमासारखी मऊ, नाकाजवळ नेली तर किंचित पिठूळ वासाची. तिच्यावर पानाचं चित्र असतं आणि ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘आय ॲम नॉट प्लास्टिक’. हे विधान खोटं आहे. ती पिशवी प्लास्टिकचीच असते. तिच्यात मक्याचा स्टार्च असतो हे खरं, पण ताण सोसायची ताकद तिला ज्या घटकामुळे मिळते तो पीबीएटी नावाचा पॉलिएस्टर असतो. बहुतेकदा वजनाने निम्म्याहून जास्त तोच भरतो आणि आजही तो मुख्यतः खनिज तेलापासूनच तयार होतो. योग्य परिस्थिती मिळाली तर तो कुजतो, एवढंच.

आता याच्या नेमकी उलट गोष्ट बघा. ब्राझीलच्या ब्रास्केम कंपनीने 2010 साली त्रिउंफो इथे वर्षाला दोन लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. तिथे उसाच्या इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन बनतं. कच्चा माल शेतातला, पण तयार होणारा रेणू तेलापासून बनणाऱ्या पॉलिथिनचाच. तो माती, पाणी, जिवाणू यांपैकी कुणालाही दाद देत नाही. कोका-कोलाने 2009 मध्ये ‘प्लांटबॉटल’ आणली तेव्हा पेटच्या, म्हणजे बाटल्यांच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या, दोन घटकांपैकी फक्त ग्लायकॉल वनस्पतीजन्य होतं. त्यामुळे वनस्पतीचा वाटा फार तर 30 टक्के. ती बाटली नाल्यात पडली तर साध्या बाटलीइतकीच वर्षं तिथे राहणार.

म्हणजे तेलापासून बनलेलं आणि कुजणारं प्लास्टिक असतं, तसंच उसापासून बनलेलं आणि न कुजणारंही असतं. कच्चा माल कोणता यावरून प्लास्टिकचा शेवट ठरत नाही. तरीही आपली चर्चा, जाहिराती आणि काही प्रमाणात कायदासुद्धा या दोन्ही गोष्टी एकाच हिरव्या पानाखाली गुंडाळतो. वेष्टन कुठल्या झाडापासून आलं हा प्रश्न मागाहून विचारावा. ते काय सोसतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं, हे आधी बघावं. तसं बघितलं तर कुजणाऱ्या प्लास्टिकला सरसकट सूट देणं चुकीचं ठरतं. ते जिथे खरोखर उपयोगी आहे त्या जागा मोजक्या आहेत, आणि नेमक्या त्याच जागांकडे आपलं लक्ष नाही.

हे समजून घ्यायला थोडं रसायनशास्त्र लागतं. पॉलिथिनच्या साखळीत कार्बन आणि हायड्रोजन एवढेच अणू असतात. पाण्याच्या रेणूला चिकटायला तिथे जागाच नाही. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड हे मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं सर्वांत परिचित प्लास्टिक. त्याच्या साखळीत ठरावीक अंतराने ऑक्सिजन असलेला एस्टरचा सांधा येतो. उष्णता आणि ओल मिळाली की पाणी या सांध्यांवर घाव घालतं, साखळ्यांचे तुकडे होतात आणि तुकडे पुरेसे लहान झाले की सूक्ष्मजीव ते खातात. पीएलए कुजतं ते असं. पण हेच ऑक्सिजनवाले सांधे पाण्याच्या वाफेलाही जवळ करतात. 25 मायक्रॉन जाडीची फिल्म, 38 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता या परिस्थितीत एक चौरस मीटर एलडीपीईमधून, म्हणजे पिशव्यांच्या साध्या पॉलिथिनमधून, दिवसाला साधारण 15 ते 20 ग्रॅम वाफ आरपार जाते. पीएलएमधून जाते 300 ग्रॅमच्या आसपास.

हा आकडा प्रयोगशाळेतला वाटेल, पण जुलै महिन्यातल्या रत्नागिरीच्या हवेतली आर्द्रता त्या परिस्थितीपासून फार लांब नाही. पातळ पोह्यांचा चिवडा अशा वेष्टनात ठेवला तर तो सादळणारच. पापड, कुरडया, खाकरा, बिस्किटं, दुधाची भुकटी, औषधी गोळ्या यांचं वेष्टनाकडे पहिलं मागणं एकच असतं, ओल आत येऊ देऊ नकोस. आणि अन्न वाया जाणं हेही पर्यावरणाचं नुकसानच आहे. शेंगदाणे पिकवायला लागलेलं पाणी, तेल गाळायला लागलेली वीज, गाडीचं डिझेल हे सगळं त्या पाकिटात असतं. पाकीट कुजलं पण आतला माल त्याआधीच खराब झाला, तर आपण काय वाचवलं?

पीएलए सगळ्याच बाबतीत मागे आहे असं मात्र नाही. ऑक्सिजन अडवण्यात ते एलडीपीईच्या जवळपास दहापट सरस आहे. पेट मात्र याबाबत पीएलएपेक्षाही साधारण दहापट चांगलं. कार्बन डायऑक्साइडही ते चांगला अडवतं, म्हणून सोड्याचा गॅस पेटच्या बाटलीत टिकतो. आणि वाफ बाहेर जाऊ देण्याचा गुण काही ठिकाणी हवाच असतो. धुतलेली पालेभाजी, सॅलड, ताजा पाव पॉलिथिनमध्ये ठेवला की आतून घाम धरतो आणि माल चिकट होतो. तिथे पीएलए किंवा स्टार्चची फिल्म खरोखर चांगलं काम करते. गुण चांगला की वाईट हे काम कोणतं यावर ठरतं.

ताकदीचंही असंच. पीएलएचं ताणबळ 50 ते 60 मेगापास्कल, एलडीपीईचं 10 ते 20. आकड्यांत पीएलए तिप्पट मजबूत. पण पीएलए ओढलं की पाचेक टक्के लांबतं आणि तुटतं, तर एलडीपीई आपल्या लांबीच्या कित्येक पट ताणलं जातं. दोन नारळ आणि किलोभर कांदे घातल्यावर पिशवीचा कान लांबतो, बारीक होतो, बोटांत रुततो, पण घरापर्यंत पोचतो तो या गुणामुळे. नुसत्या पीएलएची पिशवी वाटेतच फाटेल. म्हणून त्यात लवचीक पीबीएटी मिसळावं लागतं, आणि तिथेच तेल परत येतं.

अमेरिकेत फ्रिटो-ले कंपनीने ‘सनचिप्स’साठी पीएलएचं कंपोस्ट होणारं पाकीट आणलं होतं. नेहमीच्या तापमानाला पीएलए काचेसारख्या कडक अवस्थेत असतं. त्यामुळे ते पाकीट हातात घेतलं की इतकं कडकड वाजायचं की ग्राहक वैतागले, विक्रीवर परिणाम झाला आणि 2010 च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने बहुतेक चवींसाठी ते मागे घेतलं. लोकांना पर्यावरणाची पर्वा नव्हती, असा याचा अर्थ काढू नये. पदार्थाचा स्वभाव विचारात न घेता फक्त त्याच्या कुजण्याची जाहिरात केली, तर दुसरं काय होणार?

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे आणखी महत्त्वाचा आहे. पीएलए 55 ते 60 अंशांना मऊ पडायला लागतं. उकळता चहा, गरम उसळ, हॉटेलातून येणारा रस्सा या सगळ्यांचं तापमान त्याहून जास्त. स्फटिकी केलेलं पीएलए बरंच जास्त सोसतं, पण त्याला प्रक्रियेचा वेळ आणि खर्च वाढतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत साध्या पीएलएच्या पेल्यांची चळत वाकडी होऊ शकते. पॉलिप्रॉपिलीनचा डबा 100 अंशांनाही हलत नाही, म्हणून पार्सलवाल्यांनी तो उचलला.

सेलोफेनच्या इतिहासात याच अडचणी शंभर वर्षांपूर्वी येऊन गेल्या. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रँडेनबर्गर यांनी 1908 मध्ये लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून ही पारदर्शक फिल्म बनवली. वनस्पतीजन्य, कुजणारी, देखणी. पण वाफ तिच्यातून सहज जायची. त्यामुळे मिठाई आणि सिगारेटी गुंडाळायला तिचा उपयोग बेताचाच होता. 1927 मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तिला नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अतिशय पातळ लेप दिला गेला, आणि मग तिचा खप झपाट्याने वाढला. ओलीपासून संरक्षण हवं असेल तर कुजणाऱ्या पदार्थाला न भिजणाऱ्या थराची जोड द्यावी लागते. तो थर दिला की कुजणं मंदावतं. आजच्या ‘इको’ कागदी पेल्यांच्या आतही असाच थर असतो.

याला अपवाद नाहीतच असं मी म्हणणार नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मॉरिस लमोन्य यांनी 1926 मध्ये जिवाणूंच्या पेशीत पीएचबी हा पॉलिएस्टर शोधला. आपण चरबी साठवतो तसा जिवाणू तो साठवतात. पीएचबी वाफ पीएलएपेक्षा कितीतरी चांगली अडवतं आणि माती व समुद्रातही कुजतं. पण ते ठिसूळ आहे. सुमारे 175 अंशांना वितळतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की विघटित व्हायला लागतं. मशीनवरच्या ऑपरेटरला हाताशी फार थोडे अंश मिळतात. शिवाय किंमत पॉलिथिनच्या कितीतरी पट. या पदार्थांवर संशोधन व्हायलाच हवं, फक्त ते आज आपल्या किराणा दुकानात पोचलेलं आहे असं समजून धोरण आखू नये.

आता दुधाची पिशवी घ्या. अर्ध्या लिटरची ही पिशवी हे वेष्टनशास्त्रातलं उत्तम काम आहे आणि आपण तिच्याकडे कधी नीट बघत नाही. डेअरीत फिल्मचं रीळ वरून खाली येताना नळीसारखं वळतं, त्याला उभं सील बसतं, दूध भरलं जातं आणि गरम जबडा आडवं सील मारतो. त्या क्षणी फिल्मच्या दोन पदरांमध्ये दूध असतं, तरी सील धरावं लागतं. नंतर ती क्रेटमध्ये एकावर एक रचली जाते, पहाटे टेम्पोतून फेकल्यासारखी उतरते, थंड पाण्यात निथळत राहते, दाराच्या कडीला लटकते. पॉलिथिनची पन्नासेक मायक्रॉनची फिल्म हे सगळं सोसते. रिकामी झाल्यावर धुऊन ठेवली तर भंगारात तिला भाव येतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटासारखे चार जातींचे थर तिच्यात नसतात. ती सगळी पॉलिथिनचीच, त्यामुळे वितळवून पुन्हा दाणे करता येतात. या पिशवीच्या जागी ओलीने कमकुवत होणारी, दुकानात वर्षभर पडली तर ताकद गमावणारी कुजणारी पिशवी आणण्याचा आग्रह मला समजत नाही. इथे करायचं काम वेगळं आहे, पिशवी परत गोळा करण्याचं. महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची अट घातली होती. अट अगदी योग्य होती. पण पिशवी परत करून 50 पैसे घेणारं गिऱ्हाईक आपल्याला किती गल्ल्यांमध्ये दिसतं?

कायद्याबद्दल बोलताना त्यामागचं दुःख विसरून चालणार नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईचे नाले तुंबले आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर सगळ्यांचं लक्ष गेलं. 23 मार्च 2018 ला राज्यात बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये दंड ठरला. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि 31 डिसेंबर 2022 पासून कॅरीबॅगची किमान जाडी 120 मायक्रॉन केली. जाडीची अट कशासाठी? पातळ पिशवी वाऱ्याने उडते, नाल्यात जाते आणि तिचं वजन इतकं कमी असतं की कचरावेचक तिच्यासाठी वाकत नाही. पण प्रमाणित कंपोस्टेबल पिशवीला ही जाडीची अट लागू नाही. ती पातळ असू शकते, उडू शकते, त्याच नाल्यात जाऊ शकते. फरक हा की ती तिथे कुजेल असं आपण गृहीत धरलेलं आहे.

ते गृहीतक तपासायला हवं. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएस/आयएसओ 17088 या मानकाचं प्रमाणपत्र मिळवायला वस्तूने साधारण 58 अंश तापमानाच्या, ओलसर, हवा खेळवलेल्या कंपोस्टमध्ये 180 दिवसांत 90 टक्के कुजून दाखवायचं असतं. नाल्यातलं पाणी 58 अंशांचं नसतं. सोसायटीतल्या गांडूळखताच्या खड्ड्यातही ते तापमान येत नाही, येऊही नये, गांडुळं मरतील. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत पुरलेली तशीच पिशवी 27 महिन्यांनंतरही शिल्लक होती. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेल्या दुसऱ्या एका पिशवीत तीन वर्षांनंतरही सामान भरून नेता आलं. एवढा फरक पडत असेल तर पिशवी कुठेही टाकली तरी चालेल असा भरवसा ग्राहकाला देणं ही फसवणूक आहे.

आणि नुकसान होतं ते सर्वांत कमी कमावणाऱ्याचं. कचरावेचक बाई हाताच्या स्पर्शावरून, आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखते आणि त्यावर तिचं घर चालतं. कुजणारी पिशवी दिसायला पॉलिथिनसारखीच असते आणि तिला भंगारात भाव नाही. चुकून गठ्ठ्यात गेली तर दाणे कमकुवत होतात आणि पुढच्या वेळी व्यापारी भाव पाडतो. पीएलएच्या बाटलीचंही तेच. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात म्हणून हौदात वेगळे काढता येतात. पण पीएलएची घनता 1.24 आणि पेटची 1.38, दोन्ही बुडतात. पेट वितळवायच्या तापमानाला पीएलए टिकत नाही, विघटित होतं आणि पेटच्या सगळ्या मालाला गढूळ, पिवळट करतं. आपल्याकडे पेटच्या बाटल्यांचं पुनर्चक्रण ज्यांच्या श्रमावर उभं आहे, त्यांना न विचारता हे नवं प्लास्टिक बाजारात सोडलं जातंय, याचा मला राग येतो.

मग कुजणारं प्लास्टिक कुठे वापरावं? मिलान शहराने याचं चांगलं उत्तर दिलं आहे. इटलीने 2011 मध्ये न कुजणाऱ्या पातळ कॅरीबॅगवर बंदी घातली आणि 2012 पासून मिलानमध्ये घरोघरचं खरकटं वेगळं गोळा करायची व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी राहिली. दुकानातून मिळालेली कंपोस्टेबल पिशवीच घरातल्या ओल्या कचऱ्याला लावायची आणि ती खरकट्यासकट प्रक्रिया केंद्रात जायची. पिशवी कुजून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, खताला तिच्यातून काही पोषण मिळत नाही. तिचा उपयोग एवढाच की ती खरकटं विनाकटकट तिथपर्यंत पोचवते. पण तो उपयोग मोठा आहे, कारण पिशवीच्या मागे व्यवस्था उभी आहे. आपल्या ज्या शहरात ओल्या कचऱ्यासाठी योग्य तापमानाचं केंद्र खरोखर चालू आहे, तिथे कंपोस्टेबल पिशवीला परवानगी द्यावी, आणि तीही ओल्या कचऱ्यासाठीच. बाकी शहरांना तिचा काही फायदा नाही.

कच्च्या मालाचा प्रश्न मी मागे ठेवला होता, पण तो टाळता येणार नाही, कारण ऊस आपला आहे. प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनीचा पीएलए कारखाना येतो आहे. इथे साधा हिशेब उपयोगी पडतो. एक किलो पीएलएला अगदी आदर्श परिस्थितीतही सव्वा किलो ग्लुकोज लागतं. इथेनॉलच्या मार्गाने एक किलो पॉलिथिन करायला लागतं 3.2 किलो, कारण साखरेतला सगळा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या रूपाने काढून टाकावा लागतो. म्हणजे साखर वापरायचीच असेल तर पीएलए जास्त किफायतशीर आहे. पण महाराष्ट्रातला ऊस थोड्या जमिनीवर उभा राहून सिंचनाचं फार मोठं पाणी पितो, आणि लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. एकदा वापरून फेकायच्या पेल्यासाठी उसाचं क्षेत्र वाढवायला माझा ठाम विरोध आहे. बगॅस म्हणजे उसाचं चिपाड आणि पिकांचे अवशेष यांतून साखर काढायचं तंत्र जमवायचं असेल तर पैसा तिथे घालावा.

आणि आता ती जागा, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. शेतातला मल्चिंग पेपर. मिरची, टोमॅटो, कलिंगड, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सगळीकडे गादीवाफ्यावर 25-30 मायक्रॉनचं पॉलिथिन अंथरलं जातं. त्याने तण दबतं, ओल टिकते, पाणी वाचतं, आणि शेतकऱ्याला त्यासाठी अनुदानही मिळतं. पण हंगाम संपताना तो पेपर उन्हाने फाटलेला आणि मातीने माखलेला असतो. मजूर लावून तो वेचायचा खर्च परवडत नाही. भंगारवाला मातीच्या वजनामुळे घेत नाही. मग तो बांधावर जाळला जातो किंवा रोटाव्हेटरखाली चिंध्या होऊन रानातच राहतो, दर वर्षी थोडा थोडा.

इथे वेष्टन मातीतच जाणार आहे हे आधीपासून ठरलेलं आहे. ते वर्षभर टिकायला नको, हंगामापुरतं टिकलं तरी पुरे. वाफ अडवण्यात ते थोडं कमी पडलं तरी पिकाचं फार बिघडत नाही. पॉलिथिनच्या सगळ्या गुणांची इथे गरजच नाही, आणि त्याचा न कुजण्याचा दोष इथे सर्वांत महाग पडतो. युरोपने यासाठी 2018 मध्ये ईएन 17033 हे वेगळं मानक केलं. त्यात 25 अंशांच्या आसपासच्या मातीत दोन वर्षांत 90 टक्के कुजणं अपेक्षित आहे, 58 अंशांच्या कंपोस्टमध्ये नव्हे. आज शहरातल्या शोरूमच्या पिशवीला जाडीच्या अटीतून जी सूट मिळते आहे, तिच्या ऐवजी पैसे आणि मेहनत इथे घालायला हवी. मल्चिंगच्या अनुदानाच्या यादीत मातीत कुजणारी फिल्म घ्यावी, किमतीतला फरक पहिली काही वर्षं सरकारने सोसावा, आणि राहुरी, दापोली, परभणी, अकोला या चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागातल्या काळ्या, तांबड्या, जांभ्या जमिनीत ती पुरून, हंगामागणिक उकरून, उरलेलं वजन जाहीर करावं. त्या आकड्यांवरून कुठल्या जमिनीत कोणती फिल्म चालते ते शेतकऱ्याला कळेल, आणि विक्रेत्याला पानाचं चित्र दाखवून वेळ मारून नेता येणार नाही.